आधी कोणती पुरवणी?

दिवाळीची सुटी लागली की मुलांनी मामाच्या गावाला जायचे, ही रीत अजून सगळीच मोडलेली नाही. आमचा भाचा दर वर्षी चिंचवडहून भिंगारला येतो. पूर्वी येताना त्याच्या पिशवीत क्रिकेटची बॅट असायची, आता पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप असतो. पोरगा अकरावीत आहे. फराळाचे ताट पुढ्यात, चकली डाव्या हातात आणि उजवा हात माउसवर, असे त्याचे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो, तेव्हा शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, ‘‘मामा, आजीनं दिवाळीचे म्हणून पैसे दिलेत. त्यात एकच एक्स्पान्शन येतं. सवलत सोमवारपर्यंत आहे. आधी कोणतं घेऊ, तुम्ही सांगा.’’

आता मामाला यातले काय कळणार? पण मामा या नात्याची एक गंमत असते. बापाला जे विचारता येत नाही ते मामाला विचारायचे असते, आणि मामाने आपल्याला कळत नाही असे कबूल करायचे नसते. ‘‘बघू या,’’ असे म्हणून मी चष्मा पुसला आणि त्याच्या पडद्यापुढे जाऊन बसलो. त्यानंतरच्या तीन संध्याकाळी मी तिथेच होतो, आणि त्यातून जे कळले ते वाचकांपुढे ठेवण्यासारखे आहे असे वाटते. हाच प्रश्न आज पुष्कळ घरांत, बहुधा दाराआड, चाललेला असणार.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे आईबापांचा जीव भांड्यात पडेल. पैसे लावून खेळायचे रमीसारखे जे खेळ मोबाइलवर बोकाळले होते आणि ज्यांच्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी आणली, त्यांतला हा प्रकार नव्हे. इथे एकदा पैसे भरून खेळ विकत घ्यायचा आणि घरी बसून खेळत राहायचे. हरलात तर जाते ते राज्य, खिशातले काही जात नाही. वेळ मात्र जातो, आणि तो भरपूर जातो. त्याकडे नंतर येऊ.

हे डावपेचांचे खेळ. पडद्यावर नकाशा असतो, आपण एखादे राज्य निवडायचे, फौज उभी करायची, तह करायचे, कर बसवायचे, शेजाऱ्याचा मुलूख घ्यायचा किंवा आपला वाचवायचा. ज्या देशाने जगाला चतुरंग दिले त्या देशातल्या माणसाला हे समजवायला फार शब्द लागू नयेत. फरक इतकाच की बुद्धिबळाचा पट एकदा घेतला की घेतला. पंधराशे वर्षांत त्याला कुणी ‘उंटाचे नवे नियम’ म्हणून वेगळे पाकीट विकले नाही. या खेळांचे तसे नाही. मूळ खेळ आधी बाजारात येतो. तो चालला की वर्षा-दोन वर्षांनी त्याला जोड येते, मग आणखी एक, मग आणखी. प्रत्येकीत नवे मुलूख, नव्या मोहिमा किंवा नवे नियम, आणि प्रत्येकीची किंमत वेगळी. याला एक्स्पान्शन म्हणतात. मी त्याला पुरवणी म्हणतो. आपण आत्ता जी वाचता आहात तीही पुरवणीच, पण ती मूळ अंकाबरोबर फुकट मिळते, एवढा मोठेपणा वृत्तपत्रांना द्यायला हरकत नसावी.

भाच्याचा खेळ ‘यूरोपा युनिव्हर्सालिस’ या लांबलचक नावाचा, त्यातला चौथा. स्टॉकहोमच्या पॅरडॉक्स कंपनीने तो २०१३ साली काढला. खेळ सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ रोजी, म्हणजे बल्गेरियात वार्ना येथे तुर्कांनी युरोपीय फौजेचा पराभव केला त्याच्या दुसऱ्या दिवशी. संपतो १८२१ मध्ये. पावणेचारशे वर्षांचे राज्य चालवायचे. आणि २०१४ पासून २०२४ पर्यंत या एका खेळाला लहानमोठ्या मिळून वीसच्या आसपास पुरवण्या लागल्या. नव्या माणसाने त्या यादीपुढे उभे राहिले की उडप्याच्या हॉटेलात पहिल्यांदा गेलेल्या माणसासारखी त्याची गत होते. पदार्थ सगळे चांगलेच असणार, पण आधी काय मागवावे?

याला लोक तीन तऱ्हेची उत्तरे देतात.

पहिले, ज्या क्रमाने निघाल्या त्या क्रमाने घ्या. ऐकायला सरळ आहे. मालिकेचा पहिला भाग आधी वाचावा तसे. पण खेळांत हे नेहमी खरे ठरत नाही. ‘सिव्हिलायझेशन’ या प्रसिद्ध मालिकेतल्या सहाव्या खेळाचेच पाहा. त्याला २०१८ मध्ये एक पुरवणी आली आणि २०१९ मध्ये दुसरी. पहिलीतले बहुतेक नवे नियम दुसरीत घातलेले होते. राहिले ते पहिलीतले राजे आणि देश, त्यांत आपला चंद्रगुप्त मौर्यही होता. म्हणजे ज्याला फक्त नियम हवेत त्याने क्रम पाळून दोन्ही घेतल्या तर तो अर्धे पैसे वाया घालवतो, आणि ज्याला चंद्रगुप्त हवा त्याला पहिलीवाचून गत्यंतर नाही.

दुसरे उत्तर, जिच्यामुळे खेळ सर्वांत जास्त सुधारतो ती आधी घ्या. जाणत्या खेळाडूंचा कौल याला. भाच्याच्या खेळापुरते सांगायचे तर वर्षानुवर्षे जुने खेळाडू नव्यांना ‘आर्ट ऑफ वॉर’ आणि ‘कॉमन सेन्स’ ही दोन नावे आधी सांगत आले. पहिलीने मांडलिक राज्यांना लढाईत कामे नेमून देण्याची सोय केली. दुसरी २०१५ मध्ये आली, आणि तिची कथा जरा थांबून सांगण्यासारखी आहे. त्या वेळी खेळात प्रत्येक प्रांताची भरभराट मोजायची नवी पद्धत सर्वांसाठी आली, पण आपल्या हाताने ती भरभराट वाढवण्याचे बटण मात्र पैसे भरणाऱ्यांनाच मिळाले. विहीर सगळ्यांच्या वाड्यात खणून दिली आणि पोहरा तेवढा विकत ठेवला, असाच हा प्रकार. खेळाडू चिडले, ते साहजिक होते. नावही काय, तर ‘कॉमन सेन्स’! व्यवहारज्ञान कुणाला शिकवले हे वेगळे सांगायला नको.

तिसरे उत्तर सर्वांत जुने आणि सर्वांत माणुसकीचे: तुला ज्याची ओढ आहे ते आधी घे. भाच्याला ओढ होती ती ‘धर्मा’ नावाच्या पुरवणीची. ती सप्टेंबर २०१८ मध्ये निघाली आणि तिचा सगळा भर हिंदुस्थानावर आहे. ‘‘त्यात आपलं नगर आहे, मामा,’’ तो म्हणाला. त्याच्या मित्रांनी त्याला वेड्यात काढले होते. ते म्हणत होते, भावनेच्या भरात पैसे घालवू नकोस, आधी लढाईची घे. पोरगा या दोहोंत अडकला होता, आणि खरे सांगायचे तर मीही अडकलो. कारण भिंगारच्या माणसाला हा प्रश्न नुसता खरेदीचा राहत नाही.

भिंगार म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. नगर शहराला लागून असलेले हे छावणीचे गाव. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र इथे. १९९४ मध्ये उघडलेले रणगाड्यांचे संग्रहालय जवळच, आणि तो भुईकोट किल्लाही. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण नगरला जाऊन येतो म्हणायची जिभेची सवय एवढ्यात सुटत नाही. आता पाहा, १४९० मध्ये मलिक अहमदने बहमनींच्या मोठ्या फौजेचा पराभव केला तो या भिंगारच्याच परिसरात, आणि १४९४ मध्ये त्याने त्या रणभूमीवर आपल्या नावाचे शहर वसवायला घेतले. निजामशाही इथून उभी राहिली. १७०७ च्या मार्चमध्ये औरंगजेबाने शेवटचा श्वास घेतला तोही इथेच. दफन खुलदाबादला झाले, पण भिंगारजवळचे आलमगीर हे नाव त्याची आठवण ठेवून आहे. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणाऱ्या वेलिंग्टनने, आधी शहराच्या तटाला शिड्या लावल्या आणि चार दिवसांनी, १२ तारखेला, किल्ला शिंद्यांच्या लोकांकडून घेतला. १४४४ ते १८२१ या मुदतीत जगातल्या इतक्या लहानशा जागेवर इतके डाव मांडले गेले असतील तर ती ठिकाणे बोटांवर मोजावी लागतील. तो स्वीडिश खेळ जणू भिंगारच्या ओट्यावर बसून आखला आहे!

बाकीच्या खेळांनी आमच्यावर अशी मेहरबानी केलेली नाही. ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा खेळ १९९९ चा, त्याची ‘काँकरर्स’ ही पुरवणी २००० ची. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून हूण आणि अझ्टेक लढवणारी पिढी आता चाळिशीत आहे, तिला हे आठवेल. त्याच खेळाला एप्रिल २०२२ मध्ये ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ ही पुरवणी आली. हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड असे चार लोक त्यात आहेत. बाबर आहे, राजेंद्र चोळ आहे, बंगालचा देवपाल आहे. देवगिरीचे यादव कुठे बसवायचे? मराठी मुलूख या चार खुर्च्यांच्या मधल्या फटीत पडला. त्याच मालिकेच्या तिसऱ्या खेळाची २००७ मधली पुरवणी तर याहून मजेची. तिच्यात हिंदी सैन्याबरोबर हत्तीवर बसून जखमींना बरे करत हिंडणारा ब्राह्मण आहे. इकडे आमच्या गल्लीतले गुरुजी स्कूटरवर सत्यनारायण उरकतात, त्यांना हे दाखवले तेव्हा ते बराच वेळ हसत होते. ‘एंपायर: टोटल वॉर’ या २००९ च्या इंग्रजी खेळात मात्र मराठे घेऊन खेळता येते आणि डाव १७०० मध्ये सुरू होतो. मुलांच्या मनात हा खेळ घर करून आहे तो उगाच नव्हे. पण त्याला पुरवणी काढली ती अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर, त्यामुळे आपल्यापुढचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

तेव्हा नगर हवे तर ‘धर्मा’, असा भाच्याचा हिशेब. मी त्याला म्हटले, पाकिटावर काय लिहिले आहे ते वाचू दे. वाचले, आणि जे कळले त्याने आम्ही दोघेही गप्प झालो.

हिंदुस्थानचा जो नकाशा २०१८ मध्ये नव्याने आखला गेला तो त्या पुरवणीबरोबर आलेल्या सुधारणेत सर्वांना फुकट मिळालेला आहे. नगर, बहमनी, विजापूर हे सगळे मूळ खेळातच आहेत. सुरुवातीची तारीख पुढे सरकवली की अहमदनगरचे राज्य निवडता येते. त्यासाठी एक पैसाही लागत नाही. मग ‘धर्मा’त पैसे कशाचे? बऱ्याच गोष्टींचे, पण ठळक दोन. एक, मोगलांना नवी राज्यव्यवस्था, जिच्यात जिंकलेल्या लोकांना सामावून घेत त्यांचा फायदा उठवता येतो. आणि दुसरी, व्यापारी कंपन्यांना आपल्या ताब्यातल्या मुलखात नवी नवी गुंतवणूक करायची सोय. म्हणजे नाव ‘धर्मा’, चित्र हिंदुस्थानचे आणि हातात आयती हत्यारे दिली ती आग्ऱ्याच्या बादशहाला आणि समुद्रावरून येणाऱ्या टोपीकरांना! नगरवरच्या प्रेमाने आमचा भाचा जी वस्तू घेणार होता ती नगर जिंकायला निघालेल्यांच्या जास्त कामाची निघाली. यात कंपनीने फसवले असे मी म्हणणार नाही, सगळे पाकिटावर लिहिलेले होते. पण ओढ म्हणजे पारख नव्हे.

‘‘मग लढाईचीच घेऊ?’’ त्याने विचारले.

तेवढ्यात आमची आई आतून आली. खेळातले तिला काही कळत नाही, पण ‘नगरचा किल्ला’ हे शब्द तिने ऐकले होते. ‘‘चांदबिबी आहे का रे त्यात?’’ तिने विचारले. नगरच्या बायकांना चांदबिबीबद्दल माहेरच्या माणसासारखी माया असते. भाच्याने वेढा कसा चालतो ते तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. फौज किल्ल्याभोवती बसते. दर महिन्याला फासा पडतो. कधी किल्ल्यातले धान्य संपते, कधी पाणी, कधी शिपाई पळतात, कधी तटाला खिंडार पडते. खिंडार एकदा पडले की वेढा संपेपर्यंत ते तसेच राहते.

‘‘तसंच कसं राहील?’’ आई म्हणाली. ‘‘तिनं तर एका रात्रीत भिंत उभी केली.’’

आणि ते खरेच आहे. १५९५ च्या अखेरीस शाहजादा मुरादच्या मोगल फौजेने किल्ल्याला वेढा घातला, तटाखाली सुरुंग पेरले. काही सुरुंग आतल्यांनी शोधून निकामी केले, एक उडाला आणि तटाचा मोठा भाग कोसळला. त्या रात्री चांदबिबीने स्वतः उभे राहून ते खिंडार बांधून काढले. सकाळी मोगलांपुढे पुन्हा भिंत. अखेर १५९६ च्या सुरुवातीला तह झाला, वऱ्हाड गेला, पण किल्ला राहिला. चार वर्षांनी तो पडला तेव्हा ती तिच्याच लोकांच्या हातून मारली गेली होती. हे सगळे आईने भाच्याला तिच्या पद्धतीने सांगितले, आणि पोरगा लॅपटॉप झाकून ऐकत होता हे मी मुद्दाम नोंदवतो.

मग विषय भातवडीवर गेला. नगरच्या जवळच हे गाव आहे. १६२४ मध्ये मलिक अंबरने तिथे मोगल आणि विजापूरकर यांच्या एकत्र फौजेला धूळ चारली. शहाजीराजे त्या लढाईत निजामशाहीकडून लढले, त्यांचे बंधू शरीफजी तिथे पडले. अंबरने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या तळाभोवती चिखल केला असे सांगतात. भाच्याच्या खेळात दलदल आहे. दलदलीत चढाई करणाऱ्याच्या फाशातून एक आकडा वजा होतो, टेकडीवरही एक, डोंगर असेल तर दोन, नदी ओलांडून आले तर आणखी एक. हिशेब मोठा बारकाईचा आहे, मला कौतुक वाटले. पण ती दलदल नकाशावर आधीपासून असते. ती रातोरात तयार करणारा हबशी गुलाम, जो पुढे राज्याचा वजीर झाला, तो कोणत्या पुरवणीत मिळणार? हा काही खेळाचा दोष म्हणता येत नाही. नियम म्हटला की तो सगळ्यांना सारखा, आणि चांदबिबी किंवा अंबर यांची कीर्ती नेमकी नियमाबाहेर वागल्याची आहे.

आमच्या शेजारी घोडदळातून निवृत्त झालेले एक रिसालदारसाहेब राहतात. घोडदळ म्हणजे आताचे रणगाडे. संध्याकाळी ते आले तेव्हा मी प्रश्न त्यांच्यापुढे टाकला. त्यांनी वाळूवर मांडलेल्या देखाव्यावर वर्षानुवर्षे लढाया खेळल्या आहेत आणि पडद्यावरच्या खेळाकडे ते मुळीच तुच्छतेने पाहत नाहीत. त्यांनी भाच्याला एकच विचारले, ‘‘मूळ खेळ किती खेळलास?’’ भाचा म्हणाला, सुरू चार वेळा केला, पन्नास-साठ वर्षांच्या पुढे एकदाही गेलो नाही. ‘‘मग नवं हत्यार कशाला मागतोस? आधी जमीन वाच,’’ असे म्हणून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

मला वाटते, गोम इथेच आहे. चार डाव अर्धवट टाकलेल्या मुलाला वाटते की आपल्याला गंमत येत नाही याचे कारण आपल्याकडे पुरवणी नाही. दुकानदारालाही त्याला तसेच वाटायला हवे असते. हार्मोनियम शिकणारा पहिल्या अलंकारावर अडला की पेटी बदलावी म्हणतो, तसेच हे. पुरवण्या वाईट नाहीत. ज्याने मूळ खेळ शेवटापर्यंत खेळला आहे त्याला आपल्याला काय कमी पडले ते नेमके ठाऊक असते, आणि त्याचा ‘आधी कोणती’ हा प्रश्न आपोआप सुटतो. समुद्रावर मार खाल्ला असेल तर तो नौदलाची पुरवणी शोधील, मांडलिकांनी ऐन वेळी दगा दिला असेल तर त्यांची.

हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याला ते फारसे पटले नाही. वडीलधाऱ्यांचा सल्ला नेहमी ‘घेऊ नको’कडेच झुकतो, असे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले होते. मग मी म्हटले, तुझ्या त्या खेळात सर्वांत जास्त राज्ये कशाने बुडतात ते मला दाखव. त्याने एक आकडा दाखवला. खेळात त्याला जे नाव आहे त्याचा अर्थ सांगायचा तर ‘झेपेल त्याहून जास्त पसरणे’. मुलूख जिंकला की तो लगेच आपला होत नाही. तो पचेपर्यंत हा आकडा चढतो. शंभराच्या वर गेला की जागोजाग बंडे उठतात, शेजारी रागावतात, तिजोरी गळते. ‘‘मी दर वेळी इथंच मरतो,’’ भाचा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला स्कूटरवर मागे बसवले आणि आलमगीरला घेऊन गेलो. सुटीची सकाळ, गर्दी नव्हती. तिथे उभे राहून त्याला सांगितले ते एवढेच. औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला. १६८६ मध्ये त्याने विजापूर घेतले, १६८७ मध्ये गोवळकोंडा, १६८९ मध्ये संभाजीमहाराजांना मारले. नकाशावर पाहिले तर डाव जिंकलेला. त्यापुढे अठरा वर्षे तो घोड्यावर नाहीतर पालखीत होता, किल्ला घ्यायचा आणि पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा जायचा. राजाराममहाराज १७०० मध्ये गेले, तरी ताराबाईंनी लढाई थांबू दिली नाही. १७०६ च्या जानेवारीत तो थकून नगरला परत आला, नव्वदीच्या घरातला म्हातारा, आणि पुढच्या वर्षी इथे संपला. दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही.

‘‘किती झाला असेल त्याचा आकडा?’’ भाच्याने विचारले.

मी म्हटले, तो तूच सांग. परत येताना तो गप्प होता. किल्ल्याच्या वळणावर आल्यावर म्हणाला, ‘‘मामा, हा आकडा तर मूळ खेळातच आहे. यासाठी काहीच घ्यावं लागत नाही.’’

आता वेळेचे. तीनशे शहात्तर वर्षांचा एक डाव पुरा व्हायला पुष्कळ तास लागतात. रोज तासभर खेळले तर महिना-दीड महिना सहज जावा. चीनने ३० ऑगस्ट २०२१ रोजी अठरा वर्षांखालच्या मुलांना ऑनलाइन खेळांसाठी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ठरवून दिला. सरकारने घराघरांत घड्याळ लावावे हे मला पसंत नाही, पण घरातल्यांनीही लावू नये असा त्याचा अर्थ होत नाही. आमच्या ताईने पर्याय काढला तो असा: डाव एकच चालू ठेवायचा, दुसरा सुरू करायचा नाही, आणि पहिला संपेपर्यंत नवे काही विकत घ्यायचे नाही. तिला हे खेळ अजिबात आवडत नाहीत, तरी तिघांच्या चर्चेत जे आम्हाला सुचले नाही ते तिने भाजी निवडता निवडता सांगून टाकले. पुरवण्यांचा क्रम लावण्याची याहून सोपी रीत मला अजून कुणी सांगितलेली नाही. घरातल्या कुणी आठवड्यातून एखादी संध्याकाळ शेजारी बसून ‘हा कोण, तो कुठला, तू त्याच्याशी तह का केलास’ असे विचारले तर फारच उत्तम. पोराला आधी त्याची अडचण वाटते, मग तो वाट पाहू लागतो.

ज्या घरात मुलाने मूळ खेळ खरोखर पुरा केला आहे तिथे मात्र माझे मत भाच्याच्या मित्रांच्या बाजूने नाही. तिथे ओढीलाच मान द्यावा. नियमांची पुरवणी तो पुढे कधीही घेईल. एखाद्या प्रांतावर जीव जडणे हे सोळाव्या वर्षी होते, सव्विसाव्या वर्षी होतेच असे नाही. मग ते नगर असो, कोरिया असो की माली. माझ्या ओळखीतला एक मुलगा खेळातल्या मालीमुळे टिंबक्टूवर ग्रंथालयातून पुस्तके आणू लागला होता. फक्त घेण्यापूर्वी पाकिटाच्या मागची बाजू वाचावी, आणि नकाशा फुकट असताना नकाशाचे पैसे देऊ नयेत.

सोमवारी सवलत संपली. भाच्याने काही घेतले नाही, पैसे आजीकडे परत ठेवायला दिले. हे माझ्या उपदेशाने झाले असे मी समजत होतो. नंतर ताईकडून कळले की उन्हाळ्यात पुन्हा सवलत लागते आणि तेव्हा त्याच पैशांत दोन येतील, हे त्याने आधीच हेरून ठेवले होते. मंगळवारी तो एसटीने गेला. जाताना डाव १५०० साली, अहमदनगरचे राज्य घेऊन, सुरू करून गेला आहे. परवा फोन आला होता. वऱ्हाड घेतला म्हणाला, आता दौलताबाद पचतोय, बरारच्या बाजूला बंड आहे, आणि शनिवारी फिजिक्सची चाचणी आहे. आईने फोन हातातून घेतला आणि विचारले, ‘‘भिंतीचं काय झालं रे?’’ तो म्हणाला, ‘‘आजी, अजून कुणी वेढा घातला नाही.’’